स्थळ क्रमांक एक

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. ठरलेली रक्कम रुपये बारा हजार फक्त, चार-चार हजारांच्या तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर. हजर: मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब, वधूवर विभाग सांभाळणाऱ्या कुमुदताई, खजिनदार म्हणून मी, आणि विलास पायगुडे. इतिवृत्तात कामाचे नाव मीच लिहिले: ‘मंडळाच्या वधूवर विभागाची वेबसाइट बनवणे.’

पायगुड्यांनी ते वाचले, माझ्या हातातले पेन मागून घेतले आणि ‘वेबसाइट’च्या आधी दोन शब्द घातले: ‘तक्ते मांडून’.

“पानं कोणीही रंगवेल, खजिनदार,” ते म्हणाले. “काम तक्त्यांचं आहे.”

“बारा हजारात रंग पण येईल ने?” बापूसाहेबांनी विचारले. बापूसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. बडोद्यात चाळीस वर्षे काढल्यामुळे त्यांच्या मराठीच्या शेपटाला गुजराती ‘ने’ कायमचा बांधलेला.

“येईल,” पायगुडे म्हणाले. “एक रंग येईल.”

त्या वेळी पायगुडे एकोणपन्नास वर्षांचे होते आणि अविवाहित होते. हे लपवण्यासारखे नव्हते, कारण मंडळात कोणी लपवूच देत नव्हते. लग्न न झालेला माणूस लग्ने जुळवण्याची साइट बनवणार, यावर पहिल्या दिवसापासून चहाबरोबर काही ना काही बोलले जाई. “न्हाव्याला टक्कल असलं तरी चालतं, पण हे जरा जास्तच,” असे कुमुदताई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या. पायगुड्यांनी मान हलवली. त्यांना विनोद कळत नसे असे नाही. त्याचीही ते नोंद घेत असावेत, असे वाटे.

ते गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअर सांभाळत. घर कारखान्यापासून सायकलने सात मिनिटांवर. खिशाला दोन पेने आणि एक पेन्सिल. पेन्सिल कशाला, असे मी विचारले, तर म्हणाले, “ज्याची खात्री नाही ते लिहायला.” त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर होते. घोड्यांची नोंद त्यांच्याकडे असे. कोणता घोडा, कोणाच्या ताब्यात, नाल कधी ठोकला. “घोडा मेला तरी नाव खोडायचे नाहीत,” पायगुडे सांगत. “पुढे ‘गत’ लिहायचे. खोडलं तर घोडा होता हेच कळत नाही.”

तक्त्यांची विद्या ते कोणत्या कॉलेजात शिकले नव्हते. स्टोअरमध्ये एकच बेअरिंग चार नावांनी चार कपाटांत पडलेले असे. खरेदीवाले एका नावाने मागवत, मशीनवाले दुसऱ्या नावाने शोधत, ‘शिल्लक नाही’ म्हणून पाचवे येई. त्या बेअरिंगच्या रागातून हा माणूस डेटाबेस शिकला. हे त्यांचेच शब्द.

आमच्या वधूवर विभागाच्या वह्या चार होत्या. चौतीस रकान्यांच्या, आडव्या, मागच्या दोन्हींना कापडी पुठ्ठा. एकूण नोंदी सहाशे बारा. मी मोजल्या, पायगुड्यांनी परत मोजल्या. कुमुदताईंचे म्हणणे साधे होते: वहीत चौतीस रकाने आहेत, कॉम्प्युटरमध्ये चौतीस रकान्यांचा एक तक्ता करा, संपले. एकोणीस वर्षे त्यांनी हेच चालवले होते आणि त्यात त्यांच्या हातून सत्तर-एक लग्ने जुळली होती. त्यांचा मुद्दा मलाही पटत होता.

पुढच्या रविवारी पायगुडे तरसालीला माझ्या घरी आले, आणि चहा व्हायच्या आधीच माझ्या पत्नीला म्हणाले, “वहिनी, मिसळणाचा डबा देता जरा?”

सुलभाने माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले. डबा आला. पायगुड्यांनी तो टेबलावर ठेवून झाकण काढले. हळद, तिखट, मोहरी, जिरे, मेथी, हिंगाची छोटी डबी.

“हे तुम्ही वेगवेगळं का ठेवता?”

“मग काय एकत्र ठेवू?” सुलभा म्हणाली. “पायगुडे, तुम्ही जेवता कुठे रोज?”

“पोह्यांची फोडणी, आमटीची फोडणी, तयार करून दोन बरण्यांत भरून ठेवली तर? वेळ वाचेल.”

“आणि कोणी म्हणालं, मला तिखट नको, तर? ती बरणी निवडत बसू?”

“बघा, खजिनदार,” ते माझ्याकडे वळले. “वहिनींना तक्ते येतात. तुम्हाला येत नाहीत. दोन बहिणी, वडील एक. वडिलांनी फोन बदलला. तुमच्या वहीत किती ठिकाणी खोडाल?”

“दोन.”

“आणि एका ठिकाणी विसरलात?”

तिसऱ्या वहीत असेच झालेले मला माहीत होते. धाकटीला पाहायला निघालेली मंडळी एका बंद नंबरावर तासभर फोन करत कारेलीबागेत उभी होती.

“म्हणून माणसांचा तक्ता वेगळा,” त्यांनी बोट हळदीवर ठेवले. “कुटुंबांचा वेगळा. अपेक्षांचा वेगळा. स्थितीचा वेगळा: चालू, थांबवलं, जुळलं. एक गोष्ट एकाच वाटीत. पान आधीपासून लिहून ठेवलेलं नसतंच. कोणी मागितलं की त्या घटकेला प्रत्येक वाटीतलं थोडं थोडं घेऊन फोडणी द्यायची आणि वाढायचं. कालवायचं ते पानात, डब्यात नाही.”

हे वाक्य नंतर मी त्यांच्या तोंडून कमीत कमी शंभर वेळा ऐकले. सेव-उसळ खातानाही ते तर्री, सेव आणि कांदा वेगळा मागत. ठेलेवाला म्हणे, “काका, भेगुं आपी दउं?” एकत्र करून देऊ का? काका म्हणत, “ना भाई. हुं करीश.” मी करीन. सगळे आपल्या हाताने, आपल्या हिशोबाने कालवीत आणि मग दोन मिनिटांत संपवीत. पाहणाऱ्याला वाटे, एवढा खटाटोप कशासाठी.

सुलभाने डबा उचलताना विचारले, “ज्याच्या घरी फोडणी द्यायलाच कोणी नाही, त्याचं काय करता?”

“ते चालू राहतं, वहिनी,” पायगुडे म्हणाले. “स्थिती: चालू.”

वह्या उतरवायला आम्हाला तेरा रविवार लागले. मंडळाची खोली फतेगंजच्या मागच्या गल्लीत, एका दाताच्या दवाखान्याच्या वर. मी वाचायचे, त्यांनी टंकायचे. त्यांची पद्धत कडक होती. वय उतरवायचे नाही, जन्मतारीखच उतरवायची. “वय रोज जुनं होतं. जन्मतारीख होत नाही.” काहीही पुसायचे नाही, पुसण्याचे बटणच त्यांनी बनवले नाही. कोणी आपली स्वतःची नोंद बंद करायची नाही, दुसऱ्या सदस्याने पाहून करायची. आणि तक्त्यातला फोन नंबर ज्या कामासाठी दिला असेल त्याच कामासाठी वापरायचा. हा शेवटचा नियम त्यांनी भिंतीवर चिकटवला, कारण बापूसाहेबांनी एका वरपित्याला विम्याबद्दल फोन केला होता.

दुसऱ्या वहीच्या सत्त्याऐंशीव्या पानावर मी वाचता वाचता थांबलो. ‘चि. विलास. वय सत्तावीस. नोकरी खाजगी. नोंदणी फी रुपये अकरा, जमा. मुदत: जुळेपर्यंत.’ खाली अपेक्षांचा रकाना. आमच्या वह्यांत त्या रकान्यात काय असते ते आता मला पाठ होते: गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, नोकरीवाली असल्यास प्राधान्य, एकुलती असल्यास उत्तम. इथे गोल, जाडसर अक्षरात लिहिले होते, ‘मुलीने हसून बोलावे. बाकी आमचे आम्ही बघू.’

मी पान उलटणार होतो. त्यांनी वहीवर बोट ठेवले.

“आईचं अक्षर,” ते म्हणाले. “वाचा. चालू आहे ती नोंद.”

त्यांची आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. मी वाचले, त्यांनी टंकले. अपेक्षा शब्दशः टंकली. जन्मतारीख घालताच पडद्यावर वयाच्या जागी एकोणपन्नास आले. वहीत सत्तावीस वर्षांचा असलेला माणूस एका बटणात एकोणपन्नासचा झाला, आणि पुढच्या नोंदीचे वडिलांचे नाव काय, असे विचारू लागला.

या नोंदीला क्रमांक एक मिळाला, त्याचे कारण तांत्रिक आहे. साइट बनवणाऱ्याला आधी एक नमुन्याची नोंद करून सगळे चालते का ते पाहावे लागते. बाकीचे लोक तिथे काहीही घालतात. पायगुडे म्हणाले, “खोटी नोंद मी करत नाही.” म्हणून नमुन्यासाठी रिकामी ठेवलेल्या पहिल्या जागी त्यांनी खरी नोंद घातली, स्वतःची.

गुढीपाडव्याला साइट सुरू झाली. रंग एकच होता, फिकट निळा. बापूसाहेबांनी बटण दाबले, पेढे वाटले, मी दुसऱ्या हप्त्याचा चेक दिला. आठ दिवसांत कुमुदताईंना नऊ फोन आले. तक्रार एकच होती. कोणी सव्वीस वर्षांचा इंजिनिअर शोधला, कोणी तीस वर्षांची डॉक्टर शोधली, उत्तर काहीही येवो, यादीत सगळ्यात वर एक गृहस्थ असायचेच. स्थळ क्रमांक एक. वय एकोणपन्नास. उंची पाच फूट सहा.

पुढच्या रविवारी अकरा वाजता एक बाई खोलीत आल्या. पंचेचाळिशीच्या, खांद्याला पिशवी, जिना चढून दमलेल्या आणि तरीही हसत. नाव रेखा मांजरेकर. अंकलेश्वरला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. भाचीचे नाव त्यांनीच भावाच्या वतीने नोंदवले होते. पायगुडे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी पाठ करून बसले होते.

“साइटवाले कोण तुमच्यात?” त्यांनी विचारले.

“सांगा ने, बेसो, बसा, पाणी घ्या,” बापूसाहेब म्हणाले.

“माझी भाची सव्वीसची. मी सत्तावीस ते बत्तीस घातलं, तर पहिले कोण? एक काका. मी म्हटलं, चुकलं असेल. मग पुण्याचे डॉक्टर शोधले. पहिले तेच काका. मग मी मुद्दाम मुली शोधल्या. वधू! तिथेही काका हजर!” इथे त्यांना इतके हसू आले की त्यांनी टेबलाचा आधार घेतला. “नाव दिसत नाही, फोटो नाही. मंडळाचे कोणी पदाधिकारी आहेत का? म्हणजे मानाने वर ठेवलेत का?”

नाव दोन्ही बाजूंनी होकार दिल्याशिवाय दिसत नसे, हाही पायगुड्यांचाच नियम. बापूसाहेब छताकडे पाहू लागले. मी पावतीपुस्तक उघडले. कुमुदताईंनी मात्र एकोणीस वर्षांत कोणाची भीड ठेवली नव्हती.

“ते काय, ते बसलेत,” त्या म्हणाल्या.

पायगुडे खुर्चीसकट वळले. कानापर्यंत लाल झाले होते. पण उत्तर त्यांनी पुरे दिले. “तपासताना पान रिकामं आलं तर कळत नाही, की स्थळ नाही म्हणून रिकामं, का पानच बिघडलंय. म्हणून एक नंबरला मी अपवाद घातला होता. काहीही शोधा, एक नंबर दिसलाच पाहिजे. साइट सुरू करताना तो काढायचा राहिला. चूक माझी.”

बावीस वर्षे स्टोअरमध्ये ज्याच्या हिशोबात एक नट कमी आला नाही, तो माणूस ‘राहिला’ म्हणाला. मी त्यावर काही लिहीत नाही. राहिला असेल.

“मग ती नोंद पुसून टाका ने!” बापूसाहेब म्हणाले.

“पुसायचं बटण नाही. आणि नोंद खरी आहे. फी भरलेली आहे. मुदत जुळेपर्यंत आहे. अपवाद काढतो. नोंद राहील. जिथे बसते तिथेच दिसेल.” असे म्हणून ते वळले आणि पाच मिनिटांत अपवाद काढून मोकळे झाले.

रेखाताई पाणी प्यायल्या. मग जरा हळू आवाजात विचारले, “ती अपेक्षा तुम्ही लिहिलीत?”

“नाही. आईने.”

“बदलली का नाही? सगळे किती काय काय लिहितात.”

“ज्याची नोंद त्याने बदलायची. तिची होती. ती आता नाही.”

त्या पुन्हा हसल्या नाहीत. “बरी आहे अपेक्षा,” म्हणाल्या आणि निघाल्या. जिन्यात मात्र त्यांचे हसणे परत ऐकू आले. बहुधा वधूंच्या यादीतले काका आठवले असावेत.

त्या दिवसापासून पायगुड्यांनी एक नवा तक्ता केला: तक्रारी. क्रमांक, तारीख, कोणाची, काय, सुटली का. रविवारी अकरा ते एक मंडळाचा फोन ते स्वतः उचलू लागले. उंची सेंटिमीटरमध्ये घातली तर कोणीच सापडत नाही. मोबाइलवर ‘शोधा’ हे बटण अर्धे कापले जाते. एका मुलाची जन्मतारीख त्याच्या धाकट्या भावानंतरची आहे. श्रावण संपेपर्यंत चाळीस तक्रारी झाल्या. हिशोब पाहायची मला सवय आहे, म्हणून मोजले: त्यातल्या तेहतीस एकाच बाईच्या होत्या.

“या बाईंना आपली साइट आवडत नाही का?” मी घरी विचारले.

सुलभाने भाजी चिरायची थांबवून माझ्याकडे पाहिले. “तुम्ही खजिनदारच राहा,” म्हणाली.

गंमत अशी की सगळ्यांना दिसत होते. फोन खणखणला की पायगुडे खिशातले पेन काढत, मग ते ठेवून पेन्सिल काढत. “हां, बोला. हां. उंची. बरोबर. करतो.” एवढेच बोलत. पलीकडून मात्र हसण्याचा आवाज खोलीभर ऐकू येई, आणि हा माणूस तक्रार लिहून घेताना दाताच्या दवाखान्याच्या पाटीकडे पाहत, आपल्याला कोणी बघत नाही अशा समजुतीने, हसत असे.

मग भाचीचे जमले. सुरतेचा मुलगा, साइटवरूनच. गणपतीच्या आधीच्या रविवारी रेखाताई पेढे घेऊन आल्या. कुमुदताईंनी नियमाप्रमाणे भाचीची स्थिती ‘जुळले’ केली आणि ते स्थळ यादीतून उतरले.

“चला, सुटले मी,” रेखाताई म्हणाल्या. “आता तुमची साइट उघडायचं मला काही कारण नाही.”

पायगुड्यांनी पेढा हातात धरला होता. तो धरूनच ठेवला.

दारापाशी जाऊन त्या वळल्या. “एक शेवटची तक्रार लिहून घ्या. त्या एक नंबरच्या स्थळाचं पुढे काय झालं, ते तुमची साइट सांगत नाही.”

त्यांनी खरोखर लिहून घेतली. तक्रार क्रमांक एक्केचाळीस. ‘सुटली का’ हा रकाना कोरा.

त्याच महिन्यात मी तिसऱ्या हप्त्याचा चेक लिहून ठेवला होता. त्यांनी घेतला नाही. “काम पूर्ण झाल्यावर ठरलंय. एक तक्रार बाकी आहे.”

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. पायगुडे अकरा ते एक बसत आणि एक वाजता मंडळाच्या घड्याळाची किल्ली फिरवून जात. ते घड्याळ किल्लीचे नव्हते, सेलवर चाले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या ते लक्षात आले.

सुलभाच्या सांगण्यावरून मी एकदा विषय काढला. “त्यांचा नंबर तुमच्या तक्त्यात आहे. कुटुंबाच्या.”

“आहे.”

“मग लावा फोन.”

त्यांनी भिंतीकडे बोट केले. “तो नंबर त्यांनी भाचीच्या स्थळासाठी दिलाय. भाचीचं जुळलं. आता तो नंबर माझा नाही, मंडळाचाही नाही.”

“अहो, नियम तुम्हीच केलेत!”

“म्हणूनच.”

“मी अंकलेश्वरला जाऊन सांगू?” कुमुदताई चिडून म्हणाल्या. “प्रयोगशाळा शोधून काढते!”

“तुम्हाला पत्ता माझ्याच तक्त्यातून कळला ना?” पायगुडे म्हणाले. कुमुदताई खाली बसल्या.

मला त्या वेळी प्रथमच त्यांचा राग आला. बापूसाहेबांच्या विम्यासाठी केलेला नियम या माणसाने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला होता. बावीस वर्षे चालू असलेली नोंद तशीच चालू राहणार, आणि मी दर वर्षी हिशोबात चार हजार रुपये ‘देणे बाकी’ दाखवणार.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी मंजुरीच्या यादीत डोकावलो. नवीन नोंद आली की खजिनदाराने फी जमा झाल्याचे पाहून तिला मंजुरी द्यायची, अशी पद्धत होती. एक नोंद वाट पाहत होती. कुटुंब जुनेच होते, मांजरेकर, अंकलेश्वर. पत्ता, वडिलांचे नाव, मूळ गाव, काहीच नव्याने भरावे लागले नव्हते. माणसांच्या तक्त्यात तेवढी एक ओळ वाढली होती. रेखा. वय पंचेचाळीस. फी रुपये दोनशे एक्कावन्न, जमा. अपेक्षा: ‘तक्रार लिहून घेणारा असावा. सोडवली तर उत्तम.’

मी पायगुड्यांना हाक मारली नाही. फक्त माझी खुर्ची जरा बाजूला केली. ते आले, चष्मा वर ढकलून वाचले, दोनदा वाचले. मी मंजुरीचे बटण दाबले.

“तपासून बघायला हवं,” ते म्हणाले. “पान नीट येतं का.”

त्यांनी त्या नोंदीवरून शोध घेतला. वर हवा, वय पंचेचाळीस ते पन्नास, बडोदे आणि आसपास. पान क्षणभर पांढरे राहिले. मग एकच ओळ आली. स्थळ क्रमांक एक.

“अपवाद काढलाय ने?” बापूसाहेबांनी मागून विचारले.

“चैत्रातच काढला,” पायगुडे म्हणाले. “हे आपोआप आलंय. बरोबर चालतंय.”

“मग आता फोन करा!” कुमुदताई जवळजवळ ओरडल्या. “आता तो नंबर त्यांनी स्वतःच्या स्थळासाठी दिलाय!”

त्यांनी नियम मनातल्या मनात तपासला. तपासताना ओठ हलत होते, मी पाहिले. मग फोन घेऊन ते जिन्यात गेले. दार लोटून घेतले, पण ते दार कधीच नीट लागत नाही. आम्ही तिघांनी ऐकले. “मी पायगुडे बोलतोय. तक्रार क्रमांक एक्केचाळीसबद्दल.” आणि मग, दार असूनही, पलीकडचे हसणे.

लग्न नोंदणी पद्धतीने झाले. रेखाताईंची आई थकलेली होती, तिला हलवता येण्यासारखे नव्हते, म्हणून पायगुड्यांनीच नोकरी अंकलेश्वरला पाहिली. तिथल्या स्टोअरमध्ये म्हणे एकच व्हॉल्व्ह पाच नावांनी पडलेला होता. हे सांगताना त्यांचा चेहरा लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त उजळला होता.

निघण्याच्या आदल्या रविवारी दोघे मंडळात आले. पायगुड्यांनी साइटची सगळी माहिती एका वहीत लिहून आणली होती, पेनने. एकाही ठिकाणी पेन्सिल नव्हती. मग ते उभे राहिले आणि मला खुर्चीत बसवले, कारण स्वतःची नोंद स्वतः बंद करायची नव्हती. क्रमांक एकसमोर मी स्थिती बदलली: जुळले. रेखाताईंची कुमुदताईंनी बदलली. एक्केचाळीसाव्या तक्रारीपुढे पायगुड्यांनी स्वतः ‘सुटली’ असे भरले. साइट पुन्हा उघडली. यादी आता दोनपासून सुरू होत होती. एक नंबर तक्त्यात आहे, कायम राहील, पानावर दिसत नाही.

मी चेक काढून दिला. वर्षभराने का होईना, त्यांनी तो घेतला.

“माझे दोनशे एक्कावन्न गेले,” रेखाताई कुमुदताईंना म्हणाल्या. “आणि यांचं बघा. अकरा रुपयांत जुळवलं.”

बापूसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पायगुडे मात्र गंभीर झाले. त्यांनी पाकीट काढले.

“अहो, राहू द्या,” मी म्हणालो. “मुदत जुळेपर्यंत होती. नियमाप्रमाणे काही देणं निघत नाही.”

“नियमाप्रमाणे नाही निघत,” ते म्हणाले. “पण हे मला आता रोज ऐकावं लागेल.”

मी पावतीपुस्तक उघडले. नाव कोणाचे घालू, असे विचारले. खाली गल्लीत जाऊन रेखाताई स्कूटरचा हॉर्न वाजवू लागल्या होत्या.

“ज्यांनी नोंद केली त्यांचं,” ते म्हणाले, आणि जिना उतरले. खिडकीतून मला दिसले ते एवढेच: स्कूटर त्या चालवत होत्या, आणि हे मागे बसून, बोलता बोलता, हसत होते.

शेवटचा हिशोब असा. तिसरा व अंतिम हप्ता, रुपये चार हजार फक्त, श्री. विलास पायगुडे यांना चेकने अदा. नोंदणी फीतील फरक, दोनशे एक्कावन्न वजा अकरा, रुपये दोनशे चाळीस फक्त, रोख, मंडळास जमा. पावती कै. सुशीला पायगुडे यांच्या नावे.